न पिताच लाल

तुमचं नाक नि गाल बारा महिने लाल असतील, गालावर बारीक लाल दोरे उमटले असतील आणि तुम्ही आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नसेल, तर हे तुमच्यासाठी लिहून राह्यलोय. पीत असाल तर तुमचं तुम्ही बघा. मला पिणाऱ्यांची किळस येते, लहानपणापासून येते, आणि ती मी इथं लपवणार नाही.

मी कैलास. भोकरदनला एका हायस्कूलवर गणित शिकवतो. घरात माय, बायको संगीता आणि मी. पोरगी शिकायला संभाजीनगरला असते. माझा आजार जीवघेणा बिलकुल नाही. त्यानं कुणी मरत नाही. पण ह्या आजारापायी माझी सख्खी माय घर सोडून गेल्ती, म्हणून सांगतो.

बापाचा वास

बाप प्यायचा. रोज प्यायचा. मी बारावीला असताना तो मेला, तोवर आमच्या घराला एकच आंबूस वास होता. लोक त्याला नालीतून उचलून आणायचे, ओट्यावर टाकायचे, आणि माय ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसायची, पायातल्या वहाणा काढायची, शर्टावरची ओकारी खरवडायची. नाक सुजलेलं, लाल. गालावर लाल-जांभळं जाळं. जरा शुद्ध आली की म्हणायचा, "म्या प्यालो न्हाई." ओकारी हनुवटीवर, आणि म्हणे प्यालो न्हाई! मी दाराआडून बघायचो आणि मला मळमळायचं. हे लिहितानासुद्धा मळमळतंय.

माय त्याला दारातच हुंगायची. तो आला की पाण्याचा तांब्या घेऊन समोर जायची, तो पाणी पीत असताना एकदम जवळ उभी राहायची, नाक जरा वर करायची आणि एक श्वास घ्यायची. तेवढ्यात तिला कळायचं, आजची रात्र कशी जाणार ते. बाप गेला तेव्हा न्हाव्यानं माझं डोकं आणि नुकती फुटलेली मिशी भादरली. मी पाटावर बसून मनात म्हणत होतो, सुटलो एकदाचे.

त्यानंतर तांब्या नुसता पाण्याचा राहिला. कितीतरी वर्षं.

कातीण

एका उन्हाळ्यात पेपर तपासताना गाल भणभणायला लागले. चहा प्यालो की आग, उन्हातून आलो की आग, ठेच्याचा घास घेतला की आग. आग ओसरायची, पण लाली ओसरेना. आधी लोकांना कौतुक वाटलं. मी मूळचा गोरा, त्यात गालावर लाली. "काय सर, तब्येत सुधारली!" असं महिनाभर चाललं. मंग नाक लाल झालं, त्यावर बारीक फोड आले, आणि कौतुक बंद पडलं.

शेजारच्या कौसाबाईनं निदान केलं. म्हणाली, "कातीण मुतली तोंडावर." कातीण म्हणजे कोळी. रात्री झोपेत ती तोंडावरून फिरली नि मुतली, की असं होतं म्हणे. त्याला उपाय काय, तर हळद आणि तांदूळ तोंडात चावायचे आणि तो चोथा थुंकीसकट लावायचा. मी न्हाई न्हाई म्हणेपर्यंत त्या बाईनं स्वतःच्या तोंडातला चोथा माझ्या गालावर थापलासुद्धा. वरून म्हणते, "सुकू द्या बराबर." मी मोरीत जाऊन तीनदा साबण लावला. तरी दिवसभर तो थुंकीचा वास नाकातून जाईना.

मंग मेडिकलवाला. त्यानं तोंड बघितलं न बघितलं, काउंटरखालून एक ट्यूब काढली. "लावा सर. जल्दी उतरंल." आणि उतरलंही! दोन दिवसांत तोंड हळदीच्या नवरदेवासारखं तुकतुकीत. मी त्या माणसाला देव मानायला लागलो. ट्यूब बंद केली की दुप्पट आग, लावली की आराम. असं करत वर्ष गेलं आणि एक दिवस दाढी करताना आरशात बघितलं, तर गालावर बारीक लाल दोरे. नाकपुडीच्या कडेला निळसर फाटे.

आरशातून बाप बघत होता.

वस्तरा तसाच ठेवून मी मोरीत ओकलो. खोटं वाटेल, पण खरं आहे.

क्वार्टर सर

पोरं हरामखोर हुशार असतात. फळ्याकडं पाठ केली की मागून बारीक आवाजात, "क्वार्टर सर, क्वार्टर सर." वळलो की सगळे भूमितीत बुडालेले. स्टाफरूममध्ये चित्रकलेचे सर हसून म्हणायचे, "काय कैलासराव, रात्रीची उतरली न्हाई का अजून?" मी पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा गप बसलो. तिसऱ्यांदा त्यांच्या अंगावर धावून गेलो, तर सगळे म्हणाले, बघा, पिणारा माणूस असाच चिडतो.

कळस केला तो एका पालकानं. पालकसभा संपली आणि हा गृहस्थ म्हणाला, "सर, जरा कानात सांगायचं हाय." मी वाकलो. त्यानं कानात काहीच सांगितलं नाही. माझ्या तोंडाजवळ नाक आणलं आणि हुंगलं! आणि स्वतःच्या तोंडात गुटख्याचा लगदा. दात काळे, ओठाच्या कोपऱ्यातून लाल लाळ, वास असा की म्हैस पाणी पिणार नाही. तो माणूस माझं तोंड हुंगतोय! मी त्याला ढकललं. पंचवीस-तीस लोकांसमोर ढकललं.

हेडसरांनी बोलावून समजावलं. समजावलं म्हणजे काय, तर म्हणाले, "जरा कमी करा."

काय कमी करू? श्वास?

त्या दिवशी घरी आलो. माय तांब्या घेऊन दारात आली. मी पाणी पिऊन राह्यलो होतो आणि ती जवळ सरकली. नाक जरा वर केलं.

मी तांब्या तोंडाला तसाच धरून ठेवला. पाणी संपलं होतं तरी. तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाही. एवढ्या वर्षांनी ती परत हुंगायला लागली होती, आणि ह्या वेळेला मला.

त्यानंतर रोज. मी काही बोललो नाही, ती काही बोलली नाही. संगीताला कळत होतं. ती म्हणायची, "स्पष्ट बोला ना त्यांना." काय बोलू? प्यालो न्हाई म्हणू? ते वाक्य आमच्या घरात वापरून वापरून सडलेलं होतं.

निदानाचा दिवस

संगीतानंच मला जालन्याच्या कातडीच्या दवाखान्यात नेलं. बाकावर खरूजवाले, नायटेवाले, केस गळणारे, सगळे मांडीला मांडी लावून बसलेले. भिंतीवर गुळगुळीत बायांचे फोटो. माझ्या शेजारचा माणूस पाठ खाजवत होता आणि नखातलं काढून खाली टाकत होता. मी उठून उभा राहिलो. दोन तास उभाच होतो.

डॉक्टरीण बाई माझ्या पोरीपेक्षा थोडी मोठी असेल. भिंगातून तोंड बघितलं. विचारलं, "काय लावता?" मी ट्यूब दिली. तिनं ती दोन बोटांत, मेलेलं झुरळ धरावं तशी धरली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. "कुणी दिली?"

"मेडिकलवाल्यानं."

"त्यांना म्हणावं, स्वतः लावा. ह्यात स्टिरॉइड आहे, त्यानं कातडी पातळ होते." मग आजाराचं नाव सांगितलं, रोझेशिया. मला वाटलं एखाद्या नटीचं नाव आहे.

मी पहिला प्रश्न तोच विचारला. "हे दारूनं होतं का?"

"पीत असाल तर वाढतं. पण न पिणाऱ्यांनाही होतं. तुम्ही पिता?"

"न्हाई."

ती "बरं" म्हणाली आणि पुढं लिहायला लागली. नुसतं बरं. जवळ सरकली नाही, हुंगलं नाही, डोळे बारीक केले नाहीत. मला एकदम भरून आलं. संगीतानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"घरात आणखी कुणाला आहे? आई, वडील?"

"बापाला होतं. पण तो पिऊन पिऊन मेला."

"पिण्याच्या आधीपासून होतं का त्यांना?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हणालो, "मला त्यो शुद्धीत असलेलाच आठवत न्हाई." विषय तिथंच संपला.

पुढं तिनं जे सांगितलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. म्हणे, माणसाच्या तोंडावर, केसांच्या मुळाशी, डोळ्याला न दिसणारे बारीक किडे राहतात. सगळ्यांच्याच राहतात. ह्या आजारात जरा जास्त होतात. किडे! माझ्या तोंडावर! राहतात, खातात, तिथंच मरतात! मी घरी येऊन नारळाच्या काथ्यानं, भांडी घासतात तसं तोंड घासलं. रक्त आलं. पुढच्या खेपेला बाई एवढी भडकली, की मला माझे सातवीचे सर आठवले. तेव्हा तुम्हाला सांगतो, घासू नका. त्यानं किडा मरत नाही, कातडीच मरते.

पथ्य ऐका. ऊन नको, तिखट नको, गरम चहा नको, चुलीसमोर बसणं नको. मराठवाड्यात राहून ऊन आणि तिखट सोडायचं म्हणजे राहायचं तरी कुठं? मी गार चहा प्यायला शिकलो. गार चहाइतकी घाणेरडी गोष्ट जगात नाही. गोळ्या आणि मलम काही महिने चाललं. फोड बसले, आग बरीच कमी झाली. एक सांगायलाच पाहिजे, परिपाठाला मैदानावर उन्हात उभं राहायची माझी पाळी चित्रकलेच्या सरांनी घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, माझा दवाखान्याचा कागद बघितला आणि घेतली. मी आभार मानले नाहीत. मानायला हवे होते बहुतेक, पण जीभ वळली नाही.

पण दोरे? दोरे तसेच. नाक तसंच. बाई म्हणाली, "रक्ताच्या बारीक नळ्या फुगल्यात. त्या औषधानं जाणार नाहीत. लेझर करावं लागेल. पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही, पण कमी होईल."

खर्च बराच होता. संगीता म्हणाली, "करा."

मिशी

लेझरच्या आधी बाईनं सांगितलं, नाकाजवळ मारायचं आहे, मिशी काढून या. केसावर पडलं तर जळतील.

मी सकाळी आमच्याच न्हाव्याकडं गेलो. म्हणालो, "मिशी काढ." त्याचा हात थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "कोण गेलं, सर?"

"कुणी गेलं न्हाई."

त्यानं ऐकलं तर ना! रेडिओ बंद केला. पाण्याची वाटी भरली, चेहरा पाडला, मिशी उतरवली आणि वस्तरा सरळ माझ्या डोक्याला लावला. कपाळावरचे बोटभर केस खाली पडले तेव्हा मी ओरडलो, "अरे, डोकं न्हाई! मिशी फक्त!"

"मंग दहावं कसं करता, सर?" तो बिचारा खरंच गोंधळला होता.

आमच्याकडं माणूस मिशी एकाच वेळी काढतो, आईबाप मेल्यावर. माझ्या ध्यानात आलं होतं हे? होतं. पण मी म्हटलं, घरात कशाला सांगायचं, मायला उगीच घोर. तिला एवढंच माहीत होतं, की मी जालन्याला तोंडाच्या औषधासाठी जाऊन राह्यलो. न्हाव्याकडून मी परस्पर बस धरली. संगीताला त्या दिवशी सुट्टी नव्हती. ती अंगणवाडीत असते.

लेझर

भीती वाटते का? वाटते. मला दोन भीत्या होत्या, डोळे जातील ही एक आणि लालच्या जागी काळे डाग पडतील ही दुसरी. डोळ्यांवर त्यांनी जाड झाकणं बसवली. डागांसाठी आधीच्या खेपेला कानाजवळ एक ठिपका मारून बघितला होता, तो नीट भरून आला होता. तेव्हा तुमचा डॉक्टर असा ठिपका मारून बघत नसेल, तर विचारा. लाजू नका.

तोंडावर गार वारा सोडतात. मंग टक्, आणि उकळत्या तेलाचा थेंब उडाल्यासारखं होतं. परत टक्. डोळे झाकलेले असूनही आत लाल उजेड चमकतो. गालावर सहन होतं. नाकाच्या कडेला मात्र आईची आठवण येते. आणि वास! वस्तऱ्यातून सुटलेले बारीक केस जळायचा वास. स्वतःच्या तोंडाचा जळका वास स्वतःच घ्यायचा म्हणजे काय, ते मी सांगू शकत नाही. मी नर्सला म्हणालो, मला ओकारी येऊ राह्यलीय. तिनं थांबायला लावलं, गार फडकं कपाळावर ठेवलं आणि म्हणाली, "तोंडानं श्वास घ्या, काका. नाक विसरा थोडा वेळ." फार कामाची गोष्ट सांगितली नर्सनं. आतासुद्धा कुठं घाण वास आला की मी तेच करतो.

संपल्यावर आरसा दिला. द्यायला नको होता. गाल नि वरचा ओठ सुजून वर आलेले, डोळे बारीक झालेले, नाकावर आणि गालावर जांभळे ठिपके, जागोजागी रक्त साकळल्यासारखे. वरून मिशी नाही, आणि कपाळावर न्हाव्यानं पाडलेली पट्टी. बाई म्हणाली, "हे अपेक्षित आहे. आठ-पंधरा दिवसांत उतरेल. रुमाल बांधून जा."

बसमध्ये रुमालात जीव गुदमरला म्हणून सोडला. शेजारी बसलेली बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली. कंडक्टरनं तिकीट हातात देताना माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, उलटी आली तर खिडकीतून. गाडी खराब करू नका." गाडीभर लोक हसले. सुजलेल्या ओठांनी काय बोललो असतो? आणि ते कसं ऐकू आलं असतं, तेही मला माहीत होतं.

ओटा

माय तांब्या घेऊन दारात आली.

तिनं माझं तोंड बघितलं. नसलेली मिशी बघितली. मी म्हणालो, "माय, लेझर केलंय, तोंडाला लाईट मारली, डॉक्टरणीनं मिशी..." ओठ सुजल्यामुळं सगळं फेंगडं निघत होतं. तिनं हुंगलं नाही. गरजच पडली नाही तिला. तांब्या खाली ठेवला, माझा दंड धरला, मला ओट्यावर बसवलं. आत जाऊन ओलं फडकं आणलं. माझ्या पायातले बूट काढले. आणि माझ्या तोंडाला हात न लावता, शर्ट पुसायला लागली. शर्टावर काही नव्हतं. एक डाग नव्हता. ती पुसतच राहिली.

"माय, म्या प्यालो न्हाई," मी म्हणालो.

तोंडातून निघालं आणि मला स्वतःचीच शिसारी आली. तेच वाक्य, तोच ओटा, तसलंच सुजलेलं तोंड.

संगीतानं येऊन दवाखान्याचा कागद दाखवला, फोनवरचे फोटो दाखवले, घसा कोरडा करून सांगितलं. माय ऐकत होती असं वाटत होतं. सकाळी उठून बघतो तर तिची पिशवी दारात. धावड्याची गाडी धरणार होती. धावडा म्हणजे तिचं माहेर, तिथं आमचा मामा राहतो.

"माय, अगं..."

"येक जलम झाला हे करून," ती म्हणाली. "दुसरा व्हणार न्हाई माझ्याकून."

ती गेली. मी उन्हात जाऊ शकत नव्हतो म्हणून दारापर्यंतच गेलो.

पुढचे दिवस घाणेरडे होते. जांभळं आधी काळं झालं, मग पिवळं. खपल्या धरल्या. खाज सुटली तरी हात लावायचा नाही. उशीला मलमाचा वास. शाळेतून निरोप आला, की लोकांना वाटतंय मी कुठंतरी मार खाऊन पडलोय. वाटू द्या म्हटलं. गाव खड्ड्यात गेलं. मला फक्त माय पाहिजे होती, आणि ती फोनवर येत नव्हती.

धावडा

सूज पूर्ण उतरल्यावर आम्ही धावड्याला गेलो. मी तोंडाला मलमाचा पांढरा थर, डोक्यावर टोपी, गळ्याभोवती उपरणं अशा अवतारात. मामानं बाज टाकली. माय समोर बसली, पण माझ्याकडं बघेना. मी बीजगणित शिकवणारा माणूस. एक साधी गोष्ट मला सिद्ध करता येत नव्हती. न केलेली गोष्ट सिद्ध करायची कशी?

शेवटी संगीताचा बांध फुटला. "आत्याबाई, लगीन झाल्यापासून मी ह्या माणसाच्या तोंडाशी तोंड करून झोपते. मला एक दिवस वास आला न्हाई. तुम्हाला दारात उभं राहून कुठून येतो?"

मामा खोकत खोकत गोठ्याकडं निघून गेला. माझे कान तापले. गाल तर आधीच लाल होते, ते एक बरं होतं. मायनं पदर खोचला. मग म्हणाली, "त्या डॉक्टरणीला मला काही इचारायचंय. मला घेऊन चला."

लेझरच्या दुसऱ्या खेपेला माय आली. बाईनं तिला खुर्ची दिली. माय बसली नाही. आधी म्हणाली, "मिशी ठेवून करा. मी जित्ती हाय अजून." बाई हसली आणि मिशीवर ओली पट्टी लावून करते म्हणाली. तेवढं झाल्यावर मायनं विचारलं, "ही लाली न पिता बी येती?"

"येते, आजी."

"जलमाची ऱ्हाती?"

"बऱ्याचदा. घराण्यात असते कधी कधी. ह्यांच्या वडिलांना होती म्हणत होते. पिण्याच्या आधीपासून होती का?"

माय आता खुर्चीत बसली. माझ्याकडं नाही, बाईकडंही नाही, त्या मशीनकडं बघत बोलायला लागली.

"लग्नातच लाल व्हते. हळदीखालून दिसत व्हतं. बाया म्हणल्या, नवरदेव पिऊन आला. माझ्या आईनं मला बाजूला घेतलं नि सांगितलं, रोज हुंगत जाय, कळंल. म्या पहिल्या राती हुंगलं. काही वास न्हाई. मंग रोज हुंगलं. साल गेलं, दोन सालं गेली, वास न्हाई. गाव लाल्या म्हणायचं, बेवडा म्हणायचं. कामाला कुणी सांगंना. मी काय म्हणत नव्हते त्यायला. मी नुसती रोज हुंगायचे."

बाईनं हातातलं यंत्र खाली ठेवलं होतं.

"मंग येक दिवस आला वास. दारात. मी तांब्या घेऊन गेल्ते. त्यायनं आपणहून तोंड पुढं केलं नि म्हणले, घे, झालं तुझ्या मनासारखं?"

बाहेर बाकावर कुणीतरी खाजवत होतं, तो आवाज आत येत होता.

माझ्यापुरतं सांगतो. मी बापाला माफ केलेलं नाही. नालीत तो स्वतःच्या पायानं गेला, आणि ती ओकारी माझ्या मायनंच काढली. लाल नाकाचे सगळेच पीत नाहीत. मी प्यालो नाही. पण आता मला त्याच्याइतकीच किळस त्या हळदीतल्या बायांची येते, ज्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत. आणि त्या गुटखेवाल्याची. आणि "जरा कमी करा"ची. कुणाच्या तोंडावर लाली दिसली, की माणसाचं नाक आधी पुढं जातं, डोकं मागून येतं.

आज

आणखी एकदा लेझर झालं. दोरे बरेचसे गेले. नाकाच्या कडेला एक निळा फाटा राहिलाय. बाई म्हणते, राहू द्या. लाली पूर्ण गेलेली नाही, उन्हाळ्यात उसळते, आयुष्यभर उसळणार आहे. पोरं अजून क्वार्टर सर म्हणतात. मी फळ्यावर लाली, रक्तनळ्या, सगळं आकृती काढून समजावलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि तरी म्हणतात. चहा गारच पितो. तुम्हाला हा आजार असेल तर ट्यूब फेका, टोपी घाला, काथ्या भांड्यांना ठेवा, आणि घरात काही लपवू नका. मिशी तर बिलकुल लपून काढू नका.

शेवटच्या लेझरहून आलो त्या दिवशीचं सांगून थांबतो. तोंड परत सुजलेलं, जांभळं. मिशी तेवढी जागेवर. माय तांब्या घेऊन दारात आली. मी पाणी प्यालो आणि सवयीनं, तिला उंच व्हावं लागू नये म्हणून, वाकून तोंड तिच्यापुढं नेलं. इतक्या महिन्यांत मी रोज असाच वाकत होतो, हे मला त्या क्षणी कळलं.

तिनं माझ्या कपाळाला तळहात लावला आणि मला मागं ढकललं.

"सरक तिकडं. घामाचा वास येऊ राह्यलाय. हातपाय धू."

"माय..."

"अजून पाणी पाहिजे का तुला?"

"पाहिजे."

तिनं तांब्या भरून आणला, उंबऱ्यावर ठेवला आणि भाकरी करपते म्हणून आत निघून गेली. मी दारात एकटाच उभा राहून पाणी प्यालो.